गावच्या झेडपी शाळेसाठी वर्गणी जमलीय, डिजिटलमध्ये नेमकं काय घ्यावं?

सीनाकाठ
नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे. पटावर ४३ मुलं, शिकवायला एक गुरुजी आणि एक बाई. यंदा यात्रेला पुण्या-मुंबईची पोरं गावात जमली तेव्हा शाळेचा विषय निघाला आणि बघता बघता १ लाख ८० हजार रुपये उभे राहिले. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आहे, त्यामुळे खरेदीचं काम माझ्याकडे आलंय.

सरपंचांचं आणि बऱ्याच जणांचं म्हणणं आहे की ७५ इंची टच पॅनेल घ्यावा. शेजारच्या गावाने घेतलाय. दुकानदाराने दीड लाखाचं कोटेशन दिलंय, म्हणजे जवळजवळ सगळी वर्गणी त्यातच जाणार.

माझी मुलगी तिसरीत आहे. गुरुजींना विचारून मी तिच्या वर्गात मागे जाऊन बसलो होतो. वर्गातली आठ-नऊ पोरं जोडाक्षर आलं की थांबतात. शेजारचा काय म्हणतो ते ऐकून त्याच्या मागोमाग म्हणतात. कविता सगळ्यांना तोंडपाठ, पण बोट भलत्याच ओळीवर. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे: भिंतीवर मोठा पडदा लावला तर ही पोरं वाचायला लागतील का? माझं मत आहे की गावाचा हा पैसा वाचनासाठीच लागावा. कसा लावायचा ते कळत नाही. ज्यांनी शाळेत असं काही प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. जाहिराती मी वाचल्यात.

भाकरतुकडा
आमच्या शाळेत पॅनेल आहे. आला तेव्हा रोज चालायचा. मग गुरुजींची बदली झाली आणि नवीन बाईंना तो चालवायला कुणी शिकवलंच नाही. काहीही घ्या, पण दोन्ही शिक्षकांना आणि गावातल्या दोघा-तिघांना ते वापरता आलं पाहिजे.

मास्तर_बार्शी
मी वीस वर्षांहून जास्त काळ जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतोय, आणि बहुतेक ठिकाणी शाळा दोन शिक्षकीच मिळाली. म्हणून जरा लांब लिहितो.

आधी वर्ग डोळ्यांसमोर आणा. चार इयत्ता, दोन शिक्षक. मी पहिलीला अक्षरं गिरवून घेत असतो तेव्हा दुसरी काय करते? पाटीवर पाढे लिहिते, नाहीतर एकमेकांच्या पेन्सिली पळवते. तंत्रज्ञानाची खरी गरज इथे आहे. मी ज्या मुलांपाशी नाही, त्यांच्यापाशी काहीतरी अर्थपूर्ण काम असलं पाहिजे. मोठा पडदा सगळ्यांना एकच गोष्ट दाखवतो आणि माझ्या वर्गात तर चार तऱ्हेची मुलं.

आम्हाला एका बँकेतल्या निवृत्त माणसाने पाच साधे टॅब दिले. मी त्यांचा सर्वांत जास्त उपयोग केला तो आवाज रेकॉर्ड करायला. अॅप नाही, इंटरनेट नाही, फोनमध्ये असतो तोच रेकॉर्डर. मूल व्हरांड्यात जाऊन बसतं, पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचतं आणि स्वतःचंच ऐकतं. दुसरीतली एक मुलगी 'विहिरीवरून' हा शब्द दर वेळी 'विहिरून' वाचायची. मी दोनदा सांगून झालं होतं. रेकॉर्डिंग ऐकताना ती पुस्तकावर बोट ठेवून बसली होती, त्या शब्दापाशी बोट थबकलं, तिने टॅब थांबवला, मागे नेला, परत ऐकला. मग ते पुसून नव्याने वाचलं आणि माझ्याकडे धावत आली, "सर, आता ऐका!"

संध्याकाळी मुलं गेल्यावर मी ती रेकॉर्डिंग ऐकतो. कोण कुठे अडतंय ते मला त्यातून कळतं. दिवसभरात प्रत्येक मुलाचं वाचन शांतपणे ऐकायला मला वेळच मिळत नाही, आणि ऐकल्याशिवाय शिकवता येत नाही.

चादरवाला
मास्तर, तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण दुसरी बाजूही बघा. आमच्या गावात पिवळी बस येते आणि दहा-बारा पोरं इंग्रजी शाळेत घेऊन जाते. पट कमी झाला की शिक्षकाचं पद जातं, मग शाळाच धोक्यात. आईबाप शाळेत येऊन काय बघतात? रंग, बाकं, पडदा. आम्ही पॅनेल घेतला, भिंती रंगवल्या आणि पुढच्या जूनला चार पोरं बसमधून उतरून परत आली. पोरं शाळेत आली तर वाचनाचं पुढे बघता येईल. पॅनेलला कमी लेखू नका.

मास्तर_बार्शी
चादरवाला, पट टिकणं महत्त्वाचं आहे, हे मी रोज अनुभवतो. पण परत आलेली ती चार पोरं तिसरीत जाऊनही अडखळत राहिली तर चौथीला आईबाप त्यांना पुन्हा बसमध्ये बसवतील. आमच्याकडे पालकसभेत मी मुलांचं जूनमधलं आणि दिवाळीनंतरचं रेकॉर्डिंग एकामागून एक लावतो. ऊसतोडीवरून आलेला बाप स्वतःच्या पोराचा आवाज ऐकून उभाच राहिला होता. त्यानंतर त्याने गावात दहा जणांना सांगितलं.

चादरवाला
हे मात्र आमच्याकडे कुणी केलेलं नाही. गुरुजींना सांगतो.

माढेकर
सोलापूर जिल्ह्याचा धागा आणि परितेवाडीचं नाव अजून नाही, म्हणून लिहितो. आमच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली रुजू झाले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, १० लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे सगळ्यांना माहीत असतं. कामाकडे मात्र नीट बघितलं जात नाही. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड चिकटवले. कागदाचा एवढासा चौकोन, खर्च जवळपास शून्य. मूल घरी वडिलांच्या फोनने तो स्कॅन करतं आणि कविता, गोष्ट, स्वाध्याय समोर येतो. वर्गातल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती, तर पुस्तकातला मजकूर त्यांच्या भाषेतही आणला. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत राज्यभर क्यूआर कोड आले.

सीनाकाठ, तुमच्या मुलीच्या पुस्तकातही कोड असतील. ते दीक्षा या शालेय अभ्यासाच्या सरकारी अॅपवर उघडतात. दीक्षा २०१७ पासून आहे आणि त्यातलं साहित्य रेंज असताना उतरवून ठेवता येतं. वर्गणीला हात लावण्याआधी एवढं करून बघा.

पूर्वभाग
मी सोलापूर शहरातली, पूर्व भागातली. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही. कोड घरी स्कॅन करायचा तर फोन घरी असायला हवा ना! आमच्या गल्लीत फोन वडिलांकडे, वडील कारखान्यात. आई विड्या वळते, तिच्याकडे बटणाचा फोन. रात्री नऊला फोन घरी येतो तेव्हा पोर झोपेला आलेलं असतं.

२०२० ला शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शाळेच्या अभ्यासाची मालिका लागायची. आमच्या समोरच्या घरात टीव्ही होता, तिथे पाच-सहा पोरं दारात बसून बघायची. ऑनलाइन वर्गाच्या लिंका आल्या त्या तशाच राहिल्या, टीव्ही मात्र बघितला गेला. म्हणून सांगते, घरी सगळ्यांना काय परवडतं ते धरून नियोजन नको. जे करायचं ते शाळेत, शाळेच्या वेळात. शाळेत सगळी पोरं सारखी असतात.

माढेकर
पूर्वभाग, पटलं. घरचा फोन गृहीत धरता येत नाही.

विद्यापीठ_रोड
माझा अभ्यासाचा विषय हाच आहे, म्हणून दोन गोष्टी मांडतो.

पेरू देशात ग्रामीण शाळांतल्या मुलांना सरकारने मोठ्या संख्येने लॅपटॉप वाटले. २०१२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संगणक वाढले, वापर वाढला, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. यंत्र दिलं, शिकवण्याची पद्धत तीच राहिली.

दुसरा अभ्यास दिल्लीतला, कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांचा, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. सहावी ते नववीची मुलं शाळा सुटल्यावर केंद्रात यायची, ४५ मिनिटं संगणकावर आणि ४५ मिनिटं छोट्या गटात शिक्षकासोबत. संगणक आधी मूल कुठे आहे ते तपासायचा. इयत्ता सातवी आणि गणित चौथीचं, अशी कितीतरी मुलं निघाली. मग त्या मुलाला चौथीच्याच पायरीवरून प्रश्न. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत स्पष्ट प्रगती दिसली.

दोन्हीकडे संगणकच. दिल्लीत मूल जिथे आहे तिथून सुरुवात झाली, हा मोठा फरक. मास्तर रेकॉर्डिंग ऐकून हेच करताहेत. मुलं मोठी होती आणि केंद्र शाळेबाहेरचं होतं, त्यामुळे दिल्लीचं उदाहरण जसंच्या तसं मोहोळला लागू करू नये, हेही सांगतो.

तांड्यावरच्या_बाई
दक्षिण सोलापुरात तांड्यावरच्या शाळेत शिकवते. मुलांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली. पहिलीतलं मूल आईला 'याडी' म्हणतं आणि पुस्तकात पहिलंच चित्र 'आई'चं. जूनमध्ये अर्धा वर्ग गप्प बसलेला असतो. त्यांना काही येत नाही असा शिक्का मारणं फार सोपं असतं.

मी तांड्यावरच्या दोन आज्यांना शाळेत बोलावलं. त्यांनी गोष्टी सांगितल्या, मी फोनवर घेतल्या. चौथीच्या मुलींनी त्याच गोष्टी मराठीत सांगितल्या, त्याही घेतल्या. आता पहिलीची मुलं छोट्या स्पीकरवर आधी आजीची गोष्ट ऐकतात, मग ताईची. आजीचा आवाज ओळखून एक पोरगं उठून स्पीकरच्या मागे आजीला शोधायला गेलं होतं! सगळा वर्ग हसला आणि त्या दिवसापासून तो बोलायला लागला.

आधी इथून जवळच अक्कलकोट तालुक्यात होते, तिथे घरोघरी कन्नड. तिथे प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटचा फार उपयोग झाला. तीच गोष्ट कन्नडमध्ये आणि मराठीत मिळते, वाचनाच्या पातळ्या पाडलेल्या आहेत, मुक्त परवाना असल्याने छापूनही घेता येते. टॅबवर उतरवून ठेवली की रेंज लागत नाही.

सीनाकाठ दादा, तुमच्या शाळेत उसाच्या हंगामात बाहेरची मुलं येतात का? येत असतील तर त्यांचाही विचार करा. ती चार महिने असतात आणि जातात. जाताना त्यांनी कुठवर वाचलं ते पुढच्या शाळेला कळत नाही.

सीनाकाठ
येतात बाई, बीडकडची. पटावर त्यांची नावं नसतात बरेचदा, बसतात मात्र वर्गात. हा विचार मी केलाच नव्हता.

हुरडा_पार्टी
वाचून दाखवलेलं ऐकणारं अॅपही आम्ही वापरलं, गुगलचं रीड अलाँग. त्यातली दिया नावाची मुलगी चुकलेला शब्द सांगते. आमच्या एका पठ्ठ्याने 'आहे' ला 'हाय' वाचलं, दिया काही केल्या पुढे जाईना. शेवटी तो टॅबला म्हणाला, "अगं, आमच्यात असंच म्हणत्यात!" 😄

गंमत बाजूला, पण मुद्दा महत्त्वाचा आहे. त्या पोराला वाक्य कळलं होतं. ते यंत्राला कळलं नाही, बाईंना लगेच कळलं. यंत्राच्या गुणांवर पोराची पातळी ठरवू नये.

जुनी_मिल
विजेचं कुणी बोललं नाही. अडीच-तीन वाजता लाइट जाते, आमच्याकडे तरी. बिल थकलं की मीटरच काढून नेतात. शाळेला वर्षाचं अनुदान पटावर मिळतं, ३१ ते १०० पट असेल तर २५ हजार. त्यात खडू, स्टेशनरी, रंगरंगोटी, दुरुस्ती, सगळंच आलं. बिल कोण भरणार हे ग्रामपंचायतीकडून आधी ठरावात लिहून घ्या.

दुसरं, चोरी. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेला कुलूप, राखण कुणाची नाही. आमच्या शाळेतून टीव्ही असाच गेला. टॅब सुट्टीत घरी नेऊन ठेवता येतात, पॅनेल नेता येत नाही.

तिसरं, ऊन. सोलापूरचा एप्रिल माहीतच आहे. पत्र्याच्या खोलीत यंत्रंही तापतात आणि पोरंही. पैसे उरले तर दोन पंखे बसवा.

बार्शी_नाका
पत्रा असेल तर आधी पंखे. जोरदार अनुमोदन.

हजेरीपुस्तक
मीही शिक्षिका. सगळे विचारताय, मुलांसाठी कोणतं डिजिटल आणायचं. आमच्या हातात जे डिजिटल आधीच आहे त्याबद्दल कुणी बोलेल का?

सकाळी शाळा भरली की चॅटबॉटवर हजेरी. मग पोषण आहाराची माहिती. यू-डायस प्लस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर शाळेची-मुलांची माहिती, मुलांचं आधार जुळवणं, चाचणीचे गुण प्रश्नावार भरणं, मध्येच ग्रुपवर 'तात्काळ' लिहिलेला एक तक्ता. आधारवर नाव 'सोनाली' आणि दाखल्यावर 'सोनली' असेल तर ते मूल जुळत नाही आणि न जुळलेल्या मुलाचा परिणाम थेट शिक्षकांच्या संख्येवर. मी हे टाळू शकत नाही. रेंज फक्त शाळेच्या गेटजवळ येते, म्हणून मी गेटजवळ उभी आणि वर्ग आत एकटा.

मुलांना मी हवी असते. वर्गणीतून एकही यंत्र न आणता मला दिवसाचा एक तास कुणी परत मिळवून दिला तर मी वर्गातल्या त्या आठ-नऊ मुलांना गटात घेऊन रोज वाचायला बसेन. निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे उद्दिष्ट आहे आणि मला ते मनापासून मान्य आहे. त्यासाठी मुलाशेजारी बसणारं माणूस लागतं.

तांड्यावरच्या_बाई
ताई, अगदी माझ्या मनातलं लिहिलंत.

विद्यापीठ_रोड
हजेरीपुस्तक यांचा मुद्दा या धाग्यात सर्वांत वर असायला हवा.

आई_दोन_पोरांची
मला मात्र भीती वाटते. घरी फोन काढून घेतला की माझा मोठा जेवत नाही. आता शाळेतही पडदाच द्यायचा का? पुस्तकं घ्या की त्या पैशाची, गोष्टींची, रंगीत.

मास्तर_बार्शी
ताई, तुमची भीती खरी आहे. आमच्या टॅबवर व्हिडिओ आणि खेळ काहीच ठेवलेलं नाही. एका मुलाला दिवसात जास्तीत जास्त पंधरा-वीस मिनिटं, तीही वाचायला आणि ऐकायला. घरी टॅब जात नाही. आणि पुस्तकांबद्दल शंभर टक्के सहमत. टॅबवर ऐकलेली गोष्ट मुलांना पुस्तकात सापडली की ती पुस्तक सोडत नाहीत.

भाकरतुकडा
अवांतर: मोहोळकडे हुरडा सुरू झाला की कळवा, हा धागा प्रत्यक्ष भेटून पुढे चालवू.

हुरडा_पार्टी
माझ्या आयडीचा मान राखा, आमंत्रण मी देणार. 😀 शेंगाचटणी घरची.

सीनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. परवा समितीची बैठक झाली. धाग्यातले पाच-सहा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवले. सरपंच आधी नाराज होते. मग बाईंनीच सांगितलं की माहिती भरण्यात त्यांचा किती वेळ जातो आणि सगळे गप्प झाले. गावाला हे माहीतच नव्हतं. बाई फोनवर असतात एवढंच लोकांना दिसायचं.

ठरलं ते असं. पॅनेल नाही. ४३ इंची साधा टीव्ही, कारण चौथीला नकाशे आणि विज्ञानाचे प्रयोग मोठ्या चित्रात दाखवायला गुरुजींना तो हवा आहे. सहा टॅब, एक स्पीकर, इन्व्हर्टर. दोन पंखे. गोष्टीची पुस्तकं. वीजबिलाचा ठराव ग्रामपंचायत करणार आहे. गावातली डी.एड. झालेली एक मुलगी घरी आहे, तिला वर्षभर थोडं मानधन देऊन रोज दोन तास शाळेत बोलवायचं. टॅबवर बसलेल्या मुलांकडे ती बघेल, हंगामात आलेल्या पोरांनाही तीच बसवून घेईल. दहा-बारा हजार दुरुस्तीसाठी बँकेत राहतील.

माझा आग्रह असा होता की या मुलीने माहिती भरायचं कामही करावं, म्हणजे बाई मोकळ्या होतील. गुरुजी म्हणाले, लॉगिन दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, जबाबदारी आमची. यावर काही मार्ग आहे का?

हजेरीपुस्तक
गुरुजींचं बरोबर आहे, पासवर्ड कुणालाही देऊ नका, मुलांची खाजगी माहिती आहे ती. पण निम्म्याहून जास्त वेळ भरण्यात जात नाही, कागद गोळा करण्यात जातो. आधार आणि दाखल्यातली नावं ताडून बघणं, पालकांना बोलावणं, दुरुस्तीसाठी आधार केंद्रावर पाठवणं, एवढं समितीने उचललं तरी बाईंचे कितीतरी तास वाचतील. त्याला लॉगिन लागत नाही. पालक म्हणून तुम्हीच करू शकता.

सीनाकाठ
हे जमेल. सोमवारपासून मी आणि आणखी दोन पालक लागतो.

जुनी_मिल
टॅब आले की त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) नंबरासकट नोंद करून घ्या आणि पावत्या शाळेत ठेवा. आणि सुट्टीत टॅब कुणाकडे राहणार ते नावानिशी लिहा.

मास्तर_बार्शी
सीनाकाठ, टॅब येण्याची वाट बघू नका. तिसरीच्या त्या आठ-नऊ मुलांचं वाचन याच आठवड्यात गुरुजींच्या फोनवर घेऊन ठेवा. फाइलला मुलाचं नाव आणि तारीख द्या. दिवाळीनंतर परत घ्या आणि काय ऐकू येतंय ते इथे लिहा.